बूट डिस्क : संगणक सुरू होण्याआधीची मराठी

ठाण्यातील कापूरबावडी नाक्यापासून मानपाडा, पातलीपाडा, कासारवडवली आणि ओवळा मागे टाकत गायमुखाच्या खाडीकाठाकडे जाणाऱ्या घोडबंदर रोडच्या दोन्ही बाजूंना गेल्या काही दशकांत जी दाट वस्ती उभी राहिली, तिच्यात संगणकांचे दोन निरनिराळे वर्ग शेजारी शेजारी नांदतात. पातलीपाड्याच्या हिरानंदानी इस्टेटमध्ये टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसचे ‘ऑलिंपस’ हे केंद्र आहे, आणि अशा मोठ्या आस्थापनांत संगणकांची निगा राखणारा स्वतंत्र विभाग असतो. त्याच रस्त्यावरील गृहनिर्माण संस्थांच्या कार्यालयांत, शिकवणीवर्गांत, झेरॉक्सच्या दुकानांत आणि जुन्या पाड्यांवरील शाळांत मात्र दहा-बारा वर्षांपूर्वी घेतलेला संगणक बंद पडेपर्यंत वापरला जातो. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० या कार्यप्रणालीची नियमित सुरक्षा-दुरुस्ती थांबवली. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप आणि तुलनेने नवा प्रोसेसर आवश्यक असल्याने दुसऱ्या वर्गातील अनेक यंत्रे धडधाकट असूनही अडचणीत आली. त्यांच्यापुढे भंगाराखेरीज जो मार्ग उरतो तो दुसरी, हलकी आणि मुक्त परवान्याची कार्यप्रणाली बसवण्याचा. आणि त्या मार्गाच्या तोंडाशीच एक छोटी, पण भल्याभल्यांना दमवणारी वस्तू उभी असते, तिला बूट डिस्क म्हणतात.

बूट डिस्क म्हणजे संगणकात आधीपासून असलेल्या कार्यप्रणालीची मदत न घेता संगणक सुरू करून देणारी तबकडी किंवा पेन ड्राइव्ह. तयार बूट डिस्कची प्रतिमा, म्हणजे हुबेहूब प्रत, आंतरजालावर विनामूल्य मिळते आणि ती पेन ड्राइव्हवर उतरवणे हे आज फार कठीण काम राहिलेले नाही. अडचण सुरू होते ती ‘आपल्या गरजेची’ बूट डिस्क हवी असते तेव्हा. एखाद्या वर्गातील वीस संगणकांवर पहिल्या क्षणापासून मराठी दिसावी, देवनागरीचा इनस्क्रिप्ट कळफलक तयार असावा, कार्यालयातला प्रिंटर ओळखला जावा, लिब्रे ऑफिस असावे, नको ते कार्यक्रम नसावेत आणि हे सारे दोन जीबी मेमरीच्या यंत्रावर चालावे, अशी साधी वाटणारी मागणी पुरी करताना तज्ज्ञांचेही दिवस जातात. फायली गोळा करून पेन ड्राइव्हवर टाकल्या की डिस्क तयार होईल, हा समज या साऱ्या कष्टांच्या मुळाशी आहे. बूट डिस्क हा फायलींचा साठा नसून ज्यांची एकमेकांशी ओळख नाही अशा चार-पाच कार्यक्रमांनी एका ठरावीक क्रमाने एकमेकांच्या हाती कारभार सोपवण्याची व्यवस्था आहे, आणि यातील एक जरी हस्तांतर चुकले तरी पडद्यावर बहुधा काळोखच दिसतो.

वीज मिळताच प्रोसेसर प्रथम मदरबोर्डवरील चिपमध्ये साठवलेला कार्यक्रम चालवतो. त्याला फर्मवेअर म्हणतात. १९८१ च्या आयबीएम पीसीपासून चालत आलेल्या जुन्या पद्धतीच्या फर्मवेअरला बायोस हे नाव आहे. बायोसला फाइल म्हणजे काय हे कळत नाही. तो डिस्कवरील अगदी पहिले ५१२ बाइट मेमरीत आणतो, त्यांतील शेवटच्या दोन बाइटांत ठरलेली खूण आहे की नाही एवढे पाहतो आणि असल्यास त्या ५१२ बाइटांच्या हाती यंत्र देऊन मोकळा होतो. त्या ५१२ पैकी ६४ बाइट डिस्कच्या विभागणीच्या नोंदीत आणि दोन खुणेत जात असल्याने प्रत्यक्ष सूचनांसाठी जेमतेम ४४६ बाइट उरतात. या परिच्छेदातील एक मध्यम लांबीचे वाक्य युनिकोडमध्ये साठवले तर तेवढी जागा भरून जाते, यावरून त्या सूचना किती काटकसरीने लिहाव्या लागतात याची कल्पना येईल. त्या एवढेच करतात, की डिस्कवरील पुढच्या, जरा मोठ्या कार्यक्रमाचा पत्ता शोधून त्याला उठवतात. हा पुढचा कार्यक्रम म्हणजे बूटलोडर; लिनक्स या मुक्त परवान्याच्या कार्यप्रणालीच्या जगात ग्रब आणि सिसलिनक्स ही त्याची परिचित रूपे. बूटलोडर कार्यप्रणालीचा गाभा, म्हणजे कर्नल, मेमरीत आणतो, आणि येथून पुढे खरा पेच सुरू होतो.

कर्नलला उरलेली कार्यप्रणाली पेन ड्राइव्हवरून वाचायची असते. त्यासाठी यूएसबी पोर्ट, पेन ड्राइव्ह आणि तिच्यावरील फाइल-रचना या तिन्हींचे ड्रायव्हर, म्हणजे त्या त्या उपकरणाशी बोलणारे छोटे कार्यक्रम, हाताशी हवेत. आणि ते ड्रायव्हर तर पेन ड्राइव्हवरच आहेत. कपाटाची किल्ली कपाटातच राहावी तशी ही स्थिती असते. त्यावरचा तोडगा असा, की कर्नलसोबत एक लहानशी, तात्पुरती फाइल-व्यवस्था बूटलोडरकरवीच मेमरीत आणवायची आणि पहिल्या टप्प्यापुरते लागणारे ड्रायव्हर तिच्यात भरून ठेवायचे. हिला इनिटरामएफएस म्हणतात. स्वतःची बूट डिस्क घडवणाऱ्यांचे सर्वाधिक अपयश याच जागी साठलेले असते. तयार करणाऱ्याच्या संगणकावर डिस्क चालते, कारण तिथल्या यंत्रसामग्रीचे ड्रायव्हर आत आहेत. शेजारच्या संगणकावर ती अडते, कारण तिथला डिस्क-नियंत्रक वेगळा आहे. विंडोज एक्सपीच्या काळातही हेच घडत असे. साटा जातीच्या हार्ड डिस्क बाजारात आल्यावर एक्सपीच्या सीडीला डिस्कच सापडेना, तेव्हा स्थापनेच्या सुरुवातीला एफ-६ ही कळ दाबून फ्लॉपीवरून ड्रायव्हर द्यावा लागे, आणि तोवर नव्या संगणकांतून फ्लॉपीची खाचच नाहीशी होऊ लागली होती. वायफायच्या बाबतीत हा पेच डेबियन या लिनक्सच्या वितरणाच्या (तयार संचाच्या) वापरकर्त्यांनी अगदी अलीकडेपर्यंत सोसला. वायफाय चिपला लागणारे तिचे स्वतःचे फर्मवेअर मुक्त परवान्याचे नसल्याने ते डेबियनच्या अधिकृत डिस्कवर नसे, ते उतरवून घ्यायचे तर इंटरनेट हवे, आणि इंटरनेट तर त्या वायफायवरूनच यायचे. ऑक्टोबर २०२२ मधील मतदानानंतर डेबियनने आपले धोरण बदलले आणि जून २०२३ च्या १२ व्या आवृत्तीपासून असे फर्मवेअर अधिकृत डिस्कमध्ये येऊ लागले. मुक्त सॉफ्टवेअरच्या तत्त्वाशी केलेली ही तडजोड अनेकांना खुपली. पण जुना लॅपटॉप घेऊन बसलेल्या विद्यार्थ्याच्या बाजूने पाहिले तर ती योग्यच होती.

माध्यम बदलले तसे अडचणींचे स्वरूपही बदलत गेले. १.४४ एमबीच्या फ्लॉपीच्या काळी प्रश्न निव्वळ जागेचा होता. सीडी आल्यावर प्रश्न असा पडला, की बायोसला फ्लॉपी आणि हार्ड डिस्क ठाऊक आहेत, सीडीवरून संगणक सुरू कसा व्हावा? फिनिक्स आणि आयबीएम यांनी १९९५ मध्ये ‘एल टोरिटो’ या नावाचे मानक काढून त्यावर उत्तर दिले. सीडीच्या आत फ्लॉपीची एक प्रतिमा ठेवायची आणि बायोसला ती खरी फ्लॉपी असल्याचे भासवायचे, हा त्यातला एक मार्ग होता. पुढे २००० मध्ये जर्मनीच्या क्लाउस नॉपर यांनी ‘नॉपिक्स’ काढले आणि ७०० एमबीच्या सीडीवर सुमारे दोन जीबीची संपूर्ण कार्यप्रणाली दाबून बसवून ती हार्ड डिस्कला हात न लावता चालवून दाखवली. अशा डिस्कला लाइव्ह सीडी म्हणतात. डिस्कवरील माहिती वाचताना तेवढ्यापुरती उलगडायची आणि वापरकर्त्याने केलेले बदल मेमरीतल्या एका वेगळ्या थरावर ठेवायचे, ही तिची युक्ती आजही तशीच चालते.

पेन ड्राइव्हच्या आगमनाने सारे सोपे झाले असे वाटते, तसे ते नाही. आजच्या बहुतेक लिनक्स डिस्कच्या प्रतिमा सीडी आणि पेन ड्राइव्ह या दोन्हींवर चालाव्यात अशा संकरित रचनेच्या असतात. अशी प्रतिमा ३२ जीबीच्या पेन ड्राइव्हवर उतरवली, की विंडोजमध्ये ती काही एमबीची किंवा चक्क बिघडलेली दिसते आणि तिच्यात आणखी एखादी फाइल टाकता येत नाही, कारण सीडीची फाइल-रचना मुळातच फक्त वाचण्यासाठी आहे. विंडोजच्या डिस्कची अडचण निराळी. नव्या पद्धतीचे फर्मवेअर हमखास वाचू शकते ती फाइल-रचना फॅट-३२, आणि तिच्यात चार जीबीपेक्षा मोठी फाइल मावत नाही. विंडोजच्या स्थापना-डिस्कमधील मुख्य फाइल मात्र अनेकदा त्याहून मोठी असते. मग ती फाइल तोडून दोन तुकड्यांत ठेवावी लागते किंवा पेन ड्राइव्हचे दोन भाग करावे लागतात. रूफस आणि व्हेन्टॉय यांसारखी साधने हा खटाटोप पडद्याआड करतात, म्हणून ती लोकप्रिय आहेत. यात बाजारातील बनावट पेन ड्राइव्हची भर पडते. क्षमता ६४ जीबी दाखवणारी, पण प्रत्यक्षात आठच जीबी साठवणारी ड्राइव्ह लिहिताना तक्रार करत नाही. डिस्क मध्येच अडू लागल्यावर ते उघड होते, आणि तोवर करणारा आपल्याच कामात चूक शोधत बसलेला असतो.

नव्या पद्धतीचे फर्मवेअर म्हणजे यूईएफआय. बायोसप्रमाणे ते पहिल्या ५१२ बाइटांवर विसंबत नाही. त्याला फाइल कळते आणि ठरलेल्या फोल्डरमधील ठरलेल्या नावाचा कार्यक्रम ते स्वतः उघडते. ही मोठीच सोय झाली, पण जुने संगणक बायोसवर, मधल्या काळातले दोन्हींवर आणि नवे फक्त यूईएफआयवर चालत असल्याने सर्वत्र चालणाऱ्या डिस्कमध्ये दोन्ही वाटा स्वतंत्रपणे बांधाव्या लागतात. त्यातच २०१२ च्या विंडोज ८ सोबत ‘सिक्युअर बूट’ ही तपासणी सर्वत्र आली. विश्वासार्ह संस्थेची अंकीय स्वाक्षरी नसलेला बूटलोडर फर्मवेअर चालवतच नाही, असा तिचा नियम आहे. मूळ हेतू योग्य आहे. कार्यप्रणाली सुरू होण्याआधीच शिरणाऱ्या घातक कार्यक्रमाला ती अटकाव करते. परंतु बाजारातील बहुतेक संगणकांत जी स्वाक्षरी मान्य असते ती मायक्रोसॉफ्टची, म्हणून लिनक्सच्या वितरणांनी ‘शिम’ नावाचा एक छोटा मध्यस्थ कार्यक्रम मायक्रोसॉफ्टकडून स्वाक्षरी करून घेतला, जो पुढे वितरणाच्या स्वतःच्या स्वाक्षऱ्या तपासतो. तयार वितरणाचा कर्नल जसाच्या तसा ठेवला तर ही साखळी टिकते. त्यात स्वतःच्या सोयीचा बदल करून तो नव्याने बांधला, तर स्वाक्षरी निकामी होते आणि प्रत्येक संगणकावर जाऊन स्वतःची स्वाक्षरी-किल्ली शिमच्या निळ्या पडद्यावरून नोंदवावी लागते किंवा सिक्युअर बूट बंद करावे लागते. ऑगस्ट २०२४ मध्ये विंडोजच्या एका अद्ययावतीकरणाने जुन्या, दोषयुक्त बूटलोडरांना मनाई केली, तेव्हा विंडोज आणि लिनक्स एकत्र असलेल्या कित्येक संगणकांवर लिनक्स सुरू होईना, आणि कालपर्यंत चालणाऱ्या जुन्या बूट डिस्कही त्या यंत्रांनी नाकारल्या. डिस्कमध्ये काहीच बदलले नव्हते. तिच्याभोवतीचे नियम बदलले होते.

येथवरच्या अडचणी जगात सर्वत्र सारख्याच आहेत. मराठी बूट डिस्क घडवणाऱ्याला यांखेरीज आणखी एक ओझे उचलावे लागते, आणि त्याची चर्चा मराठीत फारशी झालेली नाही. संगणक सुरू होण्याच्या पहिल्या टप्प्यांवर पडद्यावर जी अक्षरे उमटतात ती चित्रे नसून ग्राफिक कार्डाच्या मजकूर-पद्धतीतील ठोकळे असतात. या पद्धतीत एका वेळी २५६, फार तर ५१२ आकृत्या वापरता येतात आणि प्रत्येक आकृती सारख्याच रुंदीच्या चौकटीत बसवावी लागते. रोमन लिपीला हे पुरेसे आहे. देवनागरीला ते पुरत नाही, आणि कारण केवळ आकृत्यांच्या संख्येचे नाही. ‘कि’ लिहिताना ऱ्हस्व वेलांटी साठवली जाते क नंतर, पण काढावी लागते क च्या आधी. ‘तर्क’ मधील र त्याच्या पुढच्या अक्षराच्या डोक्यावर चढतो. ‘क्ष’, ‘ज्ञ’, ‘त्र’ यांत दोन व्यंजने मिळून तिसरीच आकृती तयार होते. आणि ‘दुसऱ्या’, ‘वाऱ्यावर’ अशा शब्दांतील अर्धा र तर मराठीची खास गरज आहे. हे सर्व करण्यासाठी अक्षरजुळणी करणारा स्वतंत्र कार्यक्रम, पुरेसा मोठा फाँट आणि चित्र-पद्धतीचा पडदा हवा. तो सगळा सरंजाम तर कर्नल सुरू झाल्यावर, सहसा इनिटरामएफएसचा टप्पा ओलांडल्यावर उभा राहतो. त्यामुळे बूटलोडरच्या यादीत, डिस्क तपासणीच्या संदेशांत आणि मुख्य म्हणजे बिघाड झाला तेव्हा मिळणाऱ्या सूचनेत, म्हणजे ज्या ज्या जागी सामान्य वापरकर्त्याला आपल्या भाषेची सर्वाधिक गरज असते त्या प्रत्येक जागी, संगणक इंग्रजीतच बोलतो.

डेबियनच्या स्थापकाचा, म्हणजे कार्यप्रणाली संगणकावर बसवून देणाऱ्या कार्यक्रमाचा, इतिहास या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. जगभरच्या स्वयंसेवकांनी चालवलेले डेबियन हे लिनक्सचे एक जुने आणि प्रतिष्ठित वितरण. उबुंटूसह अनेक वितरणे त्याच्यावर उभी आहेत. त्याचा स्थापक अनेक वर्षे फक्त मजकूर-पद्धतीत चालत असे आणि म्हणून त्यात भारतीय लिपींना जागाच नव्हती, मग भाषांतर कितीही चांगले झालेले असो. एप्रिल २००७ च्या ‘एच’ या आवृत्तीत चित्र-पद्धतीचा स्थापक प्रथम आला आणि त्याच्यासोबत हिंदी, बंगाली, गुजराती, पंजाबी, तमिळ, मल्याळम आणि नेपाळी या भाषा आल्या. मराठीचे भाषांतर त्या वेळी त्यांत नव्हते. ते आले फेब्रुवारी २००९ च्या ‘लेनी’ या आवृत्तीत. तेव्हापासून डेबियनची चित्र-पद्धतीची स्थापना मराठीत करता येते, पण मजकूर-पद्धत निवडली तर भाषांच्या यादीत मराठी दिसत नाही. ज्या जुन्या संगणकाची मेमरी अपुरी असल्याने चित्र-पद्धत परवडत नाही, तिथे मराठी आपोआप बाद होते. जुनी यंत्रे बहुधा कोणाकडे असतात याचा विचार केला तर ही मर्यादा किती बोचरी आहे हे लक्षात येते.

फाँटचा प्रश्न वेगळा. मुंबई-पुण्याच्या मुद्रणव्यवहारात वर्षानुवर्षे वापरले गेलेले श्रीलिपीसारखे संच खासगी मालकीचे असून परवान्याशिवाय ते कोणत्याही बूट डिस्कवर टाकता येत नाहीत. गृहनिर्माण संस्थेच्या जुन्या नोटिसा आणि इतिवृत्ते मात्र अनेकदा अशाच युनिकोड-पूर्व फाँटांत असतात आणि नव्या प्रणालीत त्या उघडल्या की निरर्थक चिन्हांची रांग दिसते. मुक्त फाँटांच्या वाटचालीतला एक टप्पा पुण्याशी निगडित आहे. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकने तयार केलेले ‘लोहित’ मालिकेतील पहिले पाच फाँट रेड हॅट कंपनीने २००४ मध्ये मुक्त परवान्याखाली खुले केले, आणि पुढे त्या मालिकेची जोपासनाही मोठ्या प्रमाणावर तिच्या पुण्यातील कार्यालयातून झाली. मराठी वळणाचे ल आणि श हिंदीतल्या रूढ वळणाहून वेगळे असतात. लोहित देवनागरीत दोन्ही रूपे आहेत आणि मजकुराची भाषा पाहून त्यांतील योग्य ते निवडले जाते. परंतु बूट डिस्क घडवताना भाषेची नोंद ‘हिंदी, भारत’ अशीच राहिली तर मराठी मजकूर परक्या वळणात उमटतो. यंत्र त्याला दोष मानत नाही, म्हणून घडवणाऱ्यानेच तो डोळ्यांनी पाहावा लागतो.

कळफलकाची चूक याहून महागात पडते. भारतीय मानक ब्यूरोने १९९१ च्या मानकात समाविष्ट केलेला इनस्क्रिप्ट हा देवनागरीचा अधिकृत कळफलक. उत्साहाच्या भरात तोच एकमेव कळफलक म्हणून ठरवला, तर प्रवेशाचा परवलीचा शब्द रोमन अक्षरांत असल्याने तो टंकताच येत नाही आणि डिस्क सुरू होऊनही वापरकर्ता उंबरठ्यावरच थांबतो. रोमन आधी, इनस्क्रिप्ट नंतर आणि दोहोंत अदलाबदल करणारी कळ स्पष्ट दाखवलेली, ही मांडणी क्षुल्लक वाटली तरी वर्गातल्या पहिल्या तासाचे यश तिच्यावर ठरते.

महाराष्ट्रात आणि बाहेरही या वाटेने लोक गेलेले आहेत. जुहूच्या राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्राने, म्हणजे २००३ मध्ये सी-डॅक या सरकारी संगणन-संस्थेत विलीन झालेल्या एनसीएसटीने, ‘इंडिक्स’ या प्रकल्पात लिनक्सच्या चित्र-पद्धतीच्या मुळाशीच भारतीय लिपींची सोय घालण्याचा प्रयत्न केला. इंडलिनक्स या मुंबईत सुरू झालेल्या गटाने ‘रंगोली’ ही भारतीय भाषांतील लाइव्ह सीडी काढली. बंगालीत ‘अंकुर’ गटाने तसेच काम केले. सी-डॅकने २००७ मध्ये डेबियनवर आधारित ‘बॉस’ हे वितरण आणले आणि त्याची शाळांसाठीची ‘एज्युबॉस’ ही आवृत्तीही निघाली. यांतील अनेक डिस्क आज कोणत्याही चालू संगणकावर उपयोगी पडत नाहीत, आणि याचे कारण करणाऱ्यांची उणीव हे नव्हे. वेगळी बांधलेली डिस्क ही त्या वर्षीच्या कर्नलसह, त्या वर्षीच्या ड्रायव्हरांसह आणि त्या वर्षीच्या बूटलोडरसह गोठलेली असते. तिची नवी आवृत्ती काढणारे हात थांबले की दोन-तीन वर्षांत बाजारातले संगणक तिला अनोळखी होतात. उलट त्याच काळात डेबियनच्या मूळ स्थापकात गेलेले मराठी भाषांतर किंवा लोहित फाँट प्रत्येक नव्या आवृत्तीबरोबर पुढे येत राहिले, कारण त्यांना वाहून नेणारा मूळ प्रवाह थांबला नाही. मराठी संगणनात जे टिकले ते स्वतंत्र तबकड्यांतून टिकलेले नाही, ते या मूळ प्रवाहात मिसळल्यामुळे टिकले, आणि आपली डिस्क घडवू पाहणाऱ्याने पहिला निर्णय याच आधारावर घ्यायला हवा.

रायगड जिल्ह्यातील खैराट-धनगरवाड्याच्या छोट्या शाळेत २००७ मध्ये ‘एका मुलामागे एक लॅपटॉप’ या जागतिक प्रकल्पाचा भारतातील पहिला प्रयोग सुरू झाला, तोही या संदर्भात आठवावा. त्या हिरव्या-पांढऱ्या एक्सओ लॅपटॉपमध्ये कार्यप्रणाली पुन्हा बसवायची तर पेन ड्राइव्ह लावून ठरावीक कळा दाबून यंत्र सुरू करावे लागे, आणि सुरक्षा-कुलूप लावलेली यंत्रे प्रकल्पाची स्वाक्षरी असलेलीच प्रतिमा स्वीकारत. स्वतः बदललेली प्रतिमा चालवायची तर प्रत्येक यंत्रासाठी स्वतंत्र विकासक-किल्ली मागवावी लागे. लॅपटॉपची चोरी झाल्यास तो निरुपयोगी व्हावा हा त्यामागचा हेतू होता. शिक्षकाला आपल्या वर्गापुरता एक बदल कायमचा करून घ्यायचा असेल तर मात्र तेच कुलूप आडवे येई. सिक्युअर बूटने हा प्रश्न पुढे घरोघरी नेला.

आज घोडबंदर रोडवरच्या एखाद्या शिकवणीवर्गाला किंवा शाळेला अशी डिस्क करायची असेल तर हाताने जुळवलेल्या प्रतिमेपेक्षा कृतीची नोंद जपणे अधिक हिताचे ठरते. डेबियनचे ‘लाइव्ह-बिल्ड’ हे साधन याच विचारावर उभे आहे. कोणते कार्यक्रम हवेत, भाषा कोणती, कळफलक कोणता, कोणत्या फायली वरून घालायच्या, हे काही साध्या मजकूर-फायलींत लिहून ठेवायचे आणि एका आज्ञेने संपूर्ण डिस्क नव्याने बांधून घ्यायची, अशी त्याची पद्धत आहे. चालू संगणक मनासारखा सजवून त्याचीच प्रत काढण्याचा मार्ग जवळचा वाटतो, परंतु त्या प्रतीबरोबर यंत्राचा ओळख-क्रमांक, दूरस्थ प्रवेशाच्या गुप्त किल्ल्या आणि करणाऱ्याच्या वायफायचा परवलीचा शब्दही जातो. काही व्यवस्थांत तर सारख्या ओळख-क्रमांकामुळे वर्गातले सगळे संगणक नेटवर्ककडे एकच पत्ता मागू लागतात आणि दोष केबलमध्ये शोधला जातो. तयार डिस्कची पहिली चाचणी क्यूईएमयूसारख्या आभासी यंत्रात घेणे सोयीचे असले, तरी आभासी यंत्राची सामग्री इतकी सरळ असते की तिथला विजय फारसे काही सिद्ध करत नाही. वर्गातल्या सर्वांत जुन्या आणि सर्वांत नव्या, अशा दोन्ही यंत्रांवर ती चालवून पाहावी लागते, आणि प्रत्येकावर बायोस व यूईएफआय या ज्या ज्या वाटा असतील त्या सर्व तपासाव्या लागतात.

यंत्रांच्या वयाचीही एक सीमा आता आखली गेली आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियनच्या १३ व्या आवृत्तीत ३२ बिट पीसींसाठी कर्नल आणि स्थापक दिलेला नाही, त्यामुळे तशा यंत्रांसाठी १२ व्या आवृत्तीवरच थांबावे लागेल आणि तिची दुरुस्ती कधी संपते त्यावर लक्ष ठेवावे लागेल. दुसऱ्या टोकाला, सिक्युअर बूटच्या मुळाशी असलेली मायक्रोसॉफ्टची २०११ ची प्रमाणपत्रे जून २०२६ पासून कालबाह्य होऊ लागतात आणि त्यांची जागा २०२३ ची प्रमाणपत्रे घेतात. आधी स्वाक्षरी झालेल्या डिस्क त्या दिवशी एकाएकी बंद पडणार नाहीत. पण केवळ नव्या प्रमाणपत्राने स्वाक्षरित झालेला शिम जुन्या फर्मवेअरला ओळखू येणार नाही, आणि ज्या मदरबोर्डच्या निर्मात्याने नवे प्रमाणपत्र पुरवलेले नाही अशा यंत्रावर ते हाताने भरावे लागेल किंवा ती तपासणी बंद ठेवावी लागेल. म्हणून ज्या संस्थांकडे असे संगणक आहेत त्यांनी प्रत्येक यंत्राचा मदरबोर्ड, त्याच्या फर्मवेअरची आवृत्ती आणि त्यात कोणती प्रमाणपत्रे आहेत याची नोंद आताच करून ठेवणे, आणि वापरताना मराठी मजकुरात जो दोष आढळेल तो आपल्या डिस्कपुरता झाकण्याऐवजी डेबियनच्या भाषांतर-गटाकडे किंवा त्या फाँटच्या जोपासकांकडे कळवणे, ही दोन कामे डिस्क बांधायला बसण्याच्या आधीची आहेत.